खेळण्यातली मोटार आणि १९४२

रिमोटवरच्या मोटारींचे ट्रान्समीटर ताडून पाहताना सारे पल्ला विचारतात. माझ्या मते आधी वारंवारता विचारावी. जुना २७ मेगाहर्ट्‌झचा संच क्रिस्टलने ठरवलेल्या एकाच वारंवारतेला बांधलेला. शेजारच्याचा संच तीवरच असला की दोन्ही मोटारी बेलगाम. २.४ गिगाहर्ट्‌झचे बरेचसे संच मात्र क्षणोक्षणी वारंवारता बदलतात.

वारंवारतेला बांधलेले असणे किती जोखमीचे, हे १९४२ साली दिसले. ९ सप्टेंबरला आपल्या नंदुरबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले, तेव्हा मुंबईत उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्‌झवर, बोलत होता. पोलिसांना चकवण्यासाठी जागा वारंवार बदलल्या. वारंवारता श्रोत्यांसाठी जाहीर करणे भागच होते. (१२ नोव्हेंबरला उषाताई पकडल्या गेल्या, त्या मात्र फितुरीने.)

त्याच वर्षी ११ ऑगस्टला अमेरिकेत अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना पेटंट मिळाले. टॉर्पेडोला जाणारे रेडिओ-आदेश शत्रूला अडवता येऊ नयेत, म्हणून ते ८८ वारंवारतांवर उड्या घेणार होते. नौदलाने तेव्हा ते बाजूला ठेवले.

एकट्याने माळावर मोटार पळवणाऱ्याला २७चा संच पुरतो. मैदानात चार पोरे जमणार असतील, तर २.४चाच घ्यावा.