आजा कॉम्प्युटरात हरवला

मी गोदीत माल उचलतो. गाठीवरचा मार्का पुसला की ती गाठ शेडात बेवारशी पडते. आत माल असून उपयोग नाय. सरकारी स्कॅनिंगचं नेमकं हेच झालंय.

जातीच्या दाखल्याला आमच्याकडं 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला नाही. कुणी जाऊ दिला? मग उरतं कोतवाल बुक. जन्म-मृत्यू, जातीसकट, मोडीत लिहिलेलं.

तहसिलीत गेलो. बाबू म्हणाला, "ऑनलाइन शोध." नाव टाकलं. काय नाय! शेवटी मोडी वाचणारा एक म्हातारा घेऊन बसलो, गावाचं एकेक पान उघडलं. आजा होता! अर्धं पान काळं, आणि यादी टंकणाऱ्यानं नावाची जागा कोरी सोडलेली. मूळ बुक मागितलं, तर म्हणे, "आता कशाला? स्कॅन झालंय."

मित्रांनो, कॉम्प्युटर नको असं मी म्हणत नाय. बाडं वाळवी खाते. पान एकदा सगळ्यांना दिसलं की कुठल्या पाटलाला ते दडवता येत नाय. पण फोटो काढला म्हणजे नोंद झाली, हे कुणी सांगितलं? मोडी जाणणारे बसवा. काळी पानं परत स्कॅन करा. टंकलेल्या नावाशेजारी मूळ पान दाखवा. आणि बुक रद्दीत घालू नका. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, ठरल्या रीतीशिवाय अभिलेख नष्ट करता येत नाही.

चूक तुमची, खाडा माझा. तीन पाळ्या बुडाल्यात. अर्ज अजून टेबलावरच आहे.