शनिवारचा उद्योग : वहीतली उड्डाणं आणि नकाशावरच्या रेघा



आपल्यातले किती जण रात्री जेवणं उरकली की घरच्या संगणकावर विमान उडवतात, हे मला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. कुणी हीथ्रोहून मुंबई, कुणी ल्यूटनहून उगाच लेक डिस्ट्रिक्टवर घिरट्या. (खऱ्या वैमानिकाच्या परवान्यासाठी इथे ४५ तास उडवावे लागतात, त्यात घरच्या खेळातलं एक मिनिटही धरत नाहीत. पण ते असो.) तक्रार मात्र सगळ्यांची एकच. शेकडो तास उडवलं, ते नकाशावर एकत्र कसं बघायचं? बाबांच्या उड्डाणांसाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, त्याची ही हकिगत.

आधी लॉगबुकाबद्दल. प्रत्येक सिम्युलेटर आपली वही आपल्या पद्धतीने ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सची वही म्हणजे बायनरी फाईल. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती गिचमिड. २०२० साली त्यांचा नवा अवतार आला, तेव्हा वही खेळाच्या आतच दिसायची, बाहेर काढायचं बटण नव्हतं. आपण उडवलेले तास आपल्यालाच काचेमागून बघायचे! एक्स-प्लेन त्या मानाने सज्जन. साधी मजकुराची फाईल, एका उड्डाणाला एक ओळ. तारीख, कुठून, कुठे, किती वेळा उतरलात, किती तास, आणि शेवटी विमान. तास दशांशात असतात, म्हणजे ०.८ हे ४८ मिनिटं.

बाबा एक्स-प्लेनवाले. ओझरला एच.ए.एल.मध्ये त्यांची उभी हयात तपासणी विभागात गेली, मिग-२१ च्या जमान्यात. १५ ऑक्टोबर २०२० ला त्यांनी नाशिकच्या घरातून सेस्ना १७२ काढलं आणि जुहूहून आमच्या रेडिंगकडे निघाले. तारीख मुद्दाम निवडलेली. १९३२ साली त्याच दिवशी जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले होते. बाबा तोच रस्ता उलटा धरून कराचीला गेले. (सिम्युलेटरला व्हिसा लागत नाही.) पुढे इंपीरियल एअरवेजच्या जुन्या वाटेने शारजा, बहारीन, बसरा, बगदाद, मग कैरो, क्रीट, इटली. टाकी भरून हे विमान जेमतेम ११८५ किलोमीटर जातं, म्हणून टप्पे बरेच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमचे चिरंजीव सहवैमानिक. मार्च २०२१ मध्ये काचबिंदूमुळे बाबांना पडद्यावरचे काटे दिसेनासे झाले आणि प्रवास फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ल तूकेला थांबला. परवा त्यांचा जुना संगणक भंगारात निघाला, तेव्हा ती फाईल तेवढी मागवून घेतली. २३ ओळी.

आता स्क्रिप्ट. वहीत विमानतळाची चार अक्षरं असतात, अक्षांश-रेखांश नसतात. ते ‘अवरएअरपोर्ट्स’ या खुल्या यादीत फुकट मिळतात. दोन्हींची सांगड घालायची आणि गूगल अर्थला कळणारी केएमएल फाईल लिहायची, दीडशे ओळींचं काम. त्यात आधी रेखांश लिहायचा असतो, मग अक्षांश. उलट लिहिलात तर मुंबई नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात आणि लंडन सोमालियापलीकडे हिंदी महासागरात!

जुन्या वह्यांत आणखी एक गंमत. हाँगकाँगचा कै ताक विमानतळ १९९८ साली बंद झाला आणि त्याची व्हीएचएचएच ही अक्षरं नव्या विमानतळाला मिळाली. घरांच्या गच्च्यांवरून वळत कै ताकला उतरायचा खेळ ज्यांनी जुन्या सिम्युलेटरवर खेळलाय, त्यांची उड्डाणं आजची यादी पंचवीस-तीस किलोमीटर पश्चिमेला नेऊन ठेवते. तारखेवरून ओळखावं म्हटलं तर तेही नाही, कारण २००५ सालीही लोक जुनाच सिम्युलेटर वापरत होते.

पण खरा प्रश्न रेघेचा. वहीला फक्त दोन टोकं माहीत. मधलं आपण भरायचं. नेहमीची पद्धत म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग काढायचा. हीथ्रो-मुंबई तो साधारण ७२१० किलोमीटर भरतो आणि त्याचा मध्य आर्मेनियाच्या उत्तरेला येतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर मध्य दक्षिण तुर्कस्तानात, आठ-नऊशे किलोमीटर लांब. गोलावरची रेघ गणिताने बरोबर, पण ती पश्चिम युक्रेनवरून जाते, आणि ते आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं.

बाबांच्या वहीत ही अडचण एका ओळीत उभी राहिली. तूरिन ते जिनिव्हा. सरळ रेघ १६६ किलोमीटर, सेस्नाला पाऊण तास. वहीत तास किती? ४.१! रेघ जाते माँ ब्लांच्या कुशीतून. ते शिखर १५,७०० फुटांच्या वर, आणि हे विमान १४,००० फुटांपर्यंतच चढतं. बाबांना फोन केला.

“अगं, बर्फावरून कशाला जाईन? जेनोआला समुद्र गाठला, किनाऱ्याकिनाऱ्याने मार्सेय, मग ऱ्होन नदी धरून वर. पेट्रोल मोजून ठेवलं होतं.”

मोजून पाहिलं, ८४० किलोमीटरच्या आसपास. चार तास बरोबर जुळतात.

चिरंजीवांचं म्हणणं होतं, “आई, सगळ्या रेघा सारख्या ठेव ना, छान दिसतात.” दिसतात खऱ्या. पण ज्या माणसाने तीस वर्षं न पाहिलेल्या बोल्टवर सही केली नाही, त्याच्या नावाने आल्प्सवरून रेघ मारायला माझा हात धजेना. म्हणून स्क्रिप्ट आता अंतराला वेगाने भागते आणि वहीतले तास त्याच्या दीडपट निघाले की रेघ तुटक काढते. २३ पैकी ६ तुटक आल्या. त्या एकेक करून बाबांना फोनवर विचारतेय. चारांची वाट त्यांना वळणासकट आठवते, ती हाताने भरली. बसऱ्याजवळची आणि क्रीटची नाही आठवत. त्या तुटकच राहतील.

ज्यांची उड्डाणं चालू आहेत त्यांनी लिटल नॅव्हमॅप हे फुकट सॉफ्टवेअर शेजारी चालू ठेवावं. ते खरी वाट नोंदवतं आणि बाहेरही काढू देतं, पुढे वडिलांना फोन करावा लागत नाही. जुन्या एक्स-प्लेन वहीसाठी माझी स्क्रिप्ट हवी असेल तर कळवा, पाठवते. बायनरीवाल्यांनी मात्र मला माफ करा.

ए-झिरो कागदावर नकाशा छापून नाशिकला धाडायचाय, अक्षरं बाबांना दिसतील एवढी मोठी. ल तूके ते व्हाइट वॉल्टम हा शेवटचा टप्पा अजून कोरा आहे. बाबा म्हणतात, नातवाने उडवावा आणि वहीत त्याचंच नाव लागावं. नातू म्हणतो, आजोबांनी फोनवरून सांगावं, मी नुसतं दांडकं धरतो, नाव त्यांचंच. नियम काय सांगतो, ते बाबा शोधून कळवणार आहेत.