लेकरू मागे ठेवताना एक कागदही ठेवा



धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या पूर्व विदर्भातल्या वस्त्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाडी येते, तांदळाचं पोतं, गंज-भांडी, चादरी चढतात, तान्हं लेकरू कडेवर घेऊन माय चढते. शाळेत जाणारी पोरं मात्र मागे राहतात. कोणी आजीकडे, कोणी मावशीकडे, कोणी नुकत्याच लग्न झालेल्या मोठ्या बहिणीकडे. गाडी सुटताना आई एवढंच म्हणते, "माय, पोराले पाहजो बरं." झालं. पुढचे दोन-तीन महिने त्या लेकराचा जीव या एका वाक्यावर दुसऱ्याच्या स्वाधीन.

या वाक्याची मी टिंगल करत नाही. आपल्या समाजात लेकरं अशीच वाढली. आई भीमाबाई गेल्यावर बाळ भीमरावाला आत्या मीराबाईंनी सांभाळलं, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्यांना कोणी कागद लिहून दिला नव्हता. पण मीराबाईंना कोणत्या दवाखान्याच्या खिडकीवर रात्री दोन वाजता "तुम्ही कोण? सही करायला आईबाप कुठे आहेत?" असं विचारणारं कोणी नव्हतं. आज विचारतात. मी स्वतः विचारलेलं आहे, म्हणून हा लेख.

तेव्हा मी एका सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरीला होते. रात्रपाळी. एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पोरगा सिकलसेलचा, दोन दिवसांचा ताप, ओठ पांढरेफटक, श्वास भराभर चाललेला आणि पोटाची डावी बाजू टणक फुगलेली. सिकलसेलच्या लहान मुलांमध्ये कधी कधी शरीरातलं रक्त अचानक प्लीहेत, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असणाऱ्या पानथरीत, साठून बसतं. अशा वेळी लेकरू काही तासांत जाऊ शकतं. हिमोग्लोबिन चारच्या खाली निघालं. रक्त चढवायला हवं होतं, आणि लगेच.

ड्युटीवरचा डॉक्टर नवीन होता. तो म्हणाला, आईवडिलांपैकी एकाची संमती घ्या, मग रक्त लावू. मी फॉर्म घेऊन आजीकडे गेले आणि म्हणाले, "आजी, याच्या आईबापाला बोलवा."

"बाई, ते तिकडं मिरचीवर हायेत. यायले दोन दिवस लागन. मी लावतो ना अंगठा."

"तुमचा चालत नाही."

हे वाक्य माझं आहे. कोणी शिकवलं होतं मला? तीन वर्षांच्या डिप्लोमात कायद्याचं असं काही आम्हाला सांगितलं नव्हतं. वॉर्डात जुन्या सिस्टरकडून शिकलो ते एवढंच की कागद पुरा नसला की उद्या आपल्यावर येतं. मुकादमाचा फोन बंद होता. दुसरा नंबर नव्हता. गावातल्या एका पोराला उठवून त्याच्याकडून तिसरा नंबर मिळवण्यात आणखी वेळ गेला. आजी काउंटरच्या पायाशी बसून होती. मधूनच उठायची आणि आपला डाव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरायची, जणू मी तो नीट पाहिलाच नसावा.

पहाटे वरिष्ठ डॉक्टर आले. केसपेपर पाहून ते आमच्यावर असे ओरडले की वॉर्डातली पोरं जागी झाली. त्यांनी केसपेपरवर परिस्थिती लिहिली, स्वतः सही केली, दुसऱ्या डॉक्टरची घेतली, आजीचा अंगठा घेतला आणि रक्त लावलं. पोरगा वाचला. पण जवळपास चार तास रक्ताची पिशवी रक्तपेढीत आणि पोरगा खाटेवर पडून होता, आणि मधे मी उभी होते.

ती आजी कडक साडी नेसलेली, चष्मा लावलेली, इंग्रजी बोलणारी असती तर आम्ही इतके तास थांबलो असतो का? मला वाटत नाही. वॉर्डबॉयने तिला "ए म्हातारे, बाजूला बस" म्हटलं होतं. ते मी ऐकलं होतं आणि गप्प राहिले होते. मीही वस्तीतलीच पोरगी, पण अंगावर पांढरा गणवेश चढला की माणूस कधी कधी खिडकीच्या पलीकडचा होऊन जातो.

नोकरी सोडल्यावर मी कायदा वाचला, तेव्हा कळलं की त्या रात्री आम्ही ज्याची वाट पाहत होतो त्याची गरजच नव्हती. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे: बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, प्रामाणिक हेतूने, त्याच्या पालकाच्या किंवा त्याचा कायदेशीर सांभाळ ज्याच्याकडे आहे अशा दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. 'किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या' हे शब्द कायद्यातच आहेत. आईबापांनी स्वतः जिच्याकडे पोरगा सोपवला ती आजी मग दुसरी कोण? त्यापुढचं कलम ३०, म्हणजे जुनं ९२, तर सांगतं की वेळेत संमती देणारं कोणीच मिळण्यासारखं नसेल, तर डॉक्टरने भल्यासाठी संमतीशिवाय केलेला उपचारही गुन्हा नाही. आणि १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की जीव वाचवणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे आणि कायद्याच्या सोपस्कारांसाठी ते अडून राहू नये.

म्हणजे तातडीच्या वेळी आजीला परत पाठवण्याचा अधिकार कोणाला नाही. हे पाठ करून ठेवा. तरीही मी कागद करा असं का म्हणते? कारण रात्री दोन वाजता खिडकीवर कायद्याची कलमं कोणी वाचत नाही. घाबरलेला डॉक्टर आणि थकलेली सिस्टर हातात धरता येईल असं काहीतरी शोधत असतात. ते आजीकडे असलं की वाद मिटतो. शिवाय सगळ्याच गोष्टी तातडीच्या नसतात. हर्नियाचं ऑपरेशन, पुढे पाठवायची तपासणी, बारा वर्षांवरच्या मुलीला भरती करणं, अशा वेळी आईबापांच्या इच्छेचा पुरावा लागतोच.

हा कागद साधा आहे. यासाठी सरकारचा वेगळा छापील नमुना नाही, आणि साध्या कागदावर निळ्या पेनने लिहिलेलं पत्रही दवाखान्यात दाखवायला उपयोगी पडतं. ज्यांना जमेल त्यांनी नोटरी करावी, जमलं नाही म्हणून अडून बसू नये. मजकूर असा असावा: आम्ही अमुक आणि अमुक, आमचा मुलगा अमुक, जन्मतारीख अमुक, याला कामासाठी बाहेरगावी जाताना या तारखेपासून या तारखेपर्यंत माझी आई अमुक हिच्याकडे ठेवत आहोत, या काळात त्याला दवाखान्यात दाखवणं, भरती करणं, रक्त तपासणं, सलाईन, इंजेक्शन, रक्त चढवणं आणि जीवाला धोका असल्यास ऑपरेशन यासाठी ती आमच्या वतीने संमती देऊ शकते. दोघांच्या सह्या किंवा अंगठे, आणि दोन साक्षीदारांची नावं व सह्या. रक्त चढवणं आणि ऑपरेशन हे शब्द लिहाच. नुसतं 'उपचार' लिहिलं की तिथेच घोडं अडतं.

पाठीमागच्या बाजूला लेकराची प्रकृती लिहा. आजार, चालू गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठतं, आधी कधी रक्त चढवलं. सिकलसेल असेल तर तपासणीचा रिपोर्ट आणि सिकलसेलचं कार्ड जोडा. मूळ कार्ड मुलाजवळ राहू द्या, तुम्ही झेरॉक्स न्या, उलटं नको. आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्सही लावा, कारण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी ते विचारतात आणि रेशनकार्ड बऱ्याचदा आईच्या पिशवीत परराज्यात गेलेलं असतं. फोन नंबर एक नको, तीन द्या: तुमचा, मुकादमाचा, आणि सोबत गेलेल्या दुसऱ्या घरातल्या कोणाचा तरी. कामाचं गाव, तालुका, जिल्हाही लिहा. "तेलंगणात" हा पत्ता नाही.

सिकलसेलच्या घरांना आणखी एक सांगते. विदर्भात आपल्या नवबौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये हा आजार किती आहे हे वेगळं सांगायला नको. आईला लेकराचं सगळं पाठ असतं, आजीला नसतं. थंडीत उघडं फिरू देऊ नये, पाणी भरपूर पाजावं, गोळी एक दिवसही चुकवू नये, हे आजीला बसवून समजवा. अंगात चांगला ताप भरला, लेकरू अचानक फिक्कं पडलं, पोट डावीकडे फुगलं, छातीत दुखून दम लागला किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करायचा. माझ्या त्या आजीने दोन दिवस अंगारा लावला नव्हता की भगत आणला नव्हता. ती दोन दिवस पैसे जमवत होती. तेव्हा हातात थोडी रक्कमही ठेवून जा.

आता सगळ्यात मोठी अडचण. मागच्या हिवाळ्यात विहारात हे पत्र लिहायला बसलो तेव्हा एक ताई उठून गेली. मागे जाऊन विचारलं तर म्हणाली, "मी माहं लेकरू लिहून देत नाही." तिच्या भीतीला मी हसू शकत नाही. आपल्या लोकांच्या अंगठ्यांनी जमिनी गेल्यात, उचल कागदावर दुप्पट झाली आहे. अंगठा म्हणजे काहीतरी हातचं जाणं, हे आपल्या रक्तातच बसलं आहे. म्हणून हे नीट समजून घ्या: या पत्राने लेकरू दुसऱ्याचं होत नाही. हे दत्तकपत्र नाही. दत्तकाचा कायदा वेगळा, त्याची रीत वेगळी. तुम्ही पालक राहताच, परत येऊन लेकरू घरी नेताच, आणि मधेच मन बदललं तर पत्र मागून घेऊन फाडताही येतं. म्हणूनच त्यात तारीख घालायची. कोरा कागद मात्र कोणालाही सही करून देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

नवऱ्याने टाकलेल्या बाया विचारतात, त्याची सही कुठून आणू? आपल्याला, म्हणजे बौद्धांनाही, अजून १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदाच लागू आहे (यावर बोलायला वेगळा लेख लागेल). त्यात पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्या 'नंतर' आई असं लिहिलं आहे. पण १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, तो हजर नसेल, मुलाकडे पाहत नसेल तरीही आई पालक आहे, असा लावला. तुमची एकटीची सही लिहा, ताई. नवरा सोबत राहत नाही, हे एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

लेकरू कोणाकडे ठेवायचं, याचाही विचार करा. जवळचं नातं म्हणजे भरवसा, असं मी वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर म्हणू शकत नाही. मोठ्या होत चाललेल्या मुलींच्या बाबतीत तर नाहीच. ज्या घरी दारू चालते तिथे सख्खी मावशी असली तरी नको. जाण्याआधी मुलीला एकटीला विचारा, तिथे राहायला आवडतं का? ती मान खाली घालून गप्प बसली तर तेही उत्तर आहे. आणि आजी खूप थकलेली असेल, तिला दिसत-ऐकू येत नसेल, तर पत्रात दुसरं एक नाव घाला.

सगळा भार वस्तीवर टाकून चालणार नाही. रुग्णालयांच्या संमतीपत्रावर 'पालक' या शब्दापुढे 'किंवा सांभाळ करणारी व्यक्ती' छापायला काय खर्च येतो? मुलांच्या वॉर्डाबाहेर तसा फलक लावायला? गाड्या सुटण्याआधी आशाताईंकडे कोणती लेकरं कोणाकडे राहिली याची यादी असेल, तर सिकलसेलच्या पोराकडे आठवड्याला एक चक्कर सहज होते. ही मागणी आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी दिली आहे. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोरींनाही माझी विनंती आहे, ही दोन कलमं डायरीत लिहून ठेवा. वरचे काय म्हणतात ते म्हणू द्या, तुम्ही आजीला खुर्ची द्या आणि अंगठा घ्या.

गाड्या सुटेपर्यंत दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात पत्रं लिहायला बसतो. तुमच्या वस्तीतही बसा. लिहिता येणारी दोन पोरं आणि शाईचा पॅड लागतो, बस. येताना लेकराच्या कार्डाची, आधारची, रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. सांभाळणाऱ्या आजीला सोबत आणाच, तिला पत्र मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. उठून गेलेली ती ताई पुढच्या रविवारी आईला घेऊन आली होती. आजीने ते दोनदा वाचून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, डाळीच्या डब्यात ठेवतो, तिथं उंदीर जात नाही.