नवऱ्याचे रक्त कोण तपासणार?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका सरकारी दवाखान्यांत तपासणीला येतात. वजन होते, रक्तदाब बघतात, हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतात आणि त्याच रक्तावर एचआयव्ही व सिफिलिस यांच्या चाचण्याही होतात. सिफिलिस म्हणजे जुन्या मराठीतली गरमी. बरोबर आलेला नवरा तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर, नाहीतर उभ्या मोटारसायकलवर बसून मोबाइल चाळत असतो. त्याच्या बोटाला सुई लागत नाही. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांविषयीचे आपले सारे धोरण या बाकापाशी येऊन अडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आजार बोलत नाहीत, ही पहिली अडचण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनिॲसिस या चार पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारांची जगात सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. त्यातल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, किंवा जाणवले तरी ते अंगावर काढण्याइतके किरकोळ वाटते. यासाठी जगाकडे पाहण्याचीही गरज नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. जवळपास निम्म्यांची तर काही तक्रारच नव्हती. अंगावरून पांढरे जाणे हा बाईच्या जातीचा भोगच आहे अशी समजूत असली, की तक्रार करायची तरी कोणाकडे? सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांनुसार करड्या, हिरव्या, पांढऱ्या रंगांच्या पाकिटांतून मोफत औषधे मिळतात. ही व्यवस्था चांगली आहे, प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी तर तिला पर्याय नाही. पण तिची सुरुवातच तक्रारीपासून होते. ज्याला काही होत नाही, तो तिथे जाईल कशाला?

गरोदरपणातली चाचणी ही या मौनाला पडलेली एकमेव मोठी फट. सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर मूल पोटातच दगावू शकते किंवा आजार घेऊनच जन्माला येते. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एकदाच दिलेले औषध पुरते. जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. इतके स्वस्त आणि इतके जुने औषध. मात्र एकदा बरे झाले म्हणून पुन्हा लागण होत नाही असे नाही. नवऱ्यावर उपचार झाले नसतील तर ती घरी जाऊन तोच आजार पुन्हा घेऊ शकते. जोडीदाराला तपासा, असे सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगतात; पण त्याला आणायची जबाबदारी बहुतेक वेळा तिच्यावरच पडते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते, तिथल्या दवाखान्यात नाव घालते, आणि नवरा दुसऱ्या तालुक्यात, नाहीतर भिवंडीच्या कारखान्यात किंवा ट्रकवर. चिठ्ठी कोणी कोणाला पोचवायची?

नवऱ्याला तपासाल तर संसार मोडतील, हा आक्षेप हमखास येतो. तो खोटा नाही, पण उलट्या बाजूने धरलेला आहे. आज कागद फक्त तिच्या नावाचा निघतो. रिपोर्ट तिचा म्हणून रोगही तिचा, हा निवाडा सासरी व्हायला वेळ लागत नाही. सिफिलिस वर्षानुवर्षे शरीरात दबून राहू शकतो. आधी कोणाला झाला हे रक्ताची चाचणी सांगू शकत नाही, हे समुपदेशकाने दोघांना एकत्र बसवून सांगितले पाहिजे. त्यासाठी दोघांचे रक्त एकाच वेळी, एकाच टेबलावर जायला हवे. मात्र त्याआधी तिला एकटीला विचारावे. घरात मारहाणीची भीती असेल तर घाई करू नये.

मग सरळ सक्तीच का नको? लग्नाआधीची एचआयव्ही चाचणी बंधनकारक करण्याचा विचार गोव्यात एकापेक्षा अधिक वेळा पुढे आला. पण सक्तीचे काय होते तेही गोव्यानेच पाहिले आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला एचआयव्ही असल्याचे कळताच आरोग्य कायद्याच्या आधारे ६४ दिवस एकट्याला डांबून ठेवण्यात आले. अशाने लोक तपासणीपासून पळतात. शिवाय लग्नाआधीचा एक कागद पुढच्या तीस वर्षांची हमी देत नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा चाचणीसाठी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक करतो, आणि ते शहाणपणाचे आहे. खर्चाचा मुद्दा त्यापुढे किरकोळ. सगळ्या पुरुषांना तपासा असे कोणी म्हणत नाही. दारात आलेल्या नवऱ्याला विचारा, एवढेच. पहिली चाचणी कधी कधी चुकीने पॉझिटिव्ह येते हे खरे, म्हणून खात्रीची दुसरी चाचणी हाताशी हवी.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हे विषय उघड्यावर आणले, त्याबद्दल खटले सोसले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच राज्याने शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले. आजही एसटी स्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असा कागद चिकटलेला असतो. शाळेने सांगितले नाही ते तो भोंदू सांगतो, वर पैसेही घेतो.

आरोग्य विभागाने नवा कायदा करण्याची, नवी इमारत बांधण्याची गरज नाही. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर, बोटातल्या थेंबभर रक्तावर वीसएक मिनिटांत कळण्याची सोय आहे. पुरुष कामावर असतात, म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस ही सोय संध्याकाळी चालू ठेवावी. माहेरच्या आणि सासरच्या आशाताईंमध्ये निरोप पोचेल अशी, पण निकाल फुटणार नाही अशी पद्धत बसवावी. आणि येत्या ९ तारखेला बाहेरच्या बाकावर बसलेल्याला नाव घेऊन आत बोलवावे.