पाने सगळ्यांना सारखीच येतात!

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे उचलली गेली की मराठवाड्यातल्या अनेक घरांत सतरंजी अंथरली जाते आणि पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. आधी रमी होते आणि रात्र चढली की तीन पत्ती. नांदेड-लातूरकडच्या बातम्यांत हाच खेळ 'तिर्रट' या नावाने येतो. शेतातल्या आखाड्यावर धाड पडते, रोख रक्कम आणि पत्ते जप्त होतात. बातमीतला तो जुगार आणि आपल्या घरातली ती गंमत, असा भेद आपण सोयीने करून टाकला आहे. तो कितपत खरा आहे?

घरातला डाव पाहा. नुकतेच सोयाबीन विकलेले असते, हातात चार पैसे खुळखुळत असतात. शिकवणीसाठी लातूरला राहणारा अकरावी-बारावीचा मुलगा सुटीत घरी आलेला असतो. 'मीही बसतो' म्हणतो. समोर काका, मामा, भावजी. सगळे मुरलेले. अशा वेळी मामांच्या हातात तीन राजे येतात आणि पोराच्या हातात गुलामाची जोडी. मामांना काही बनवाबनवी करावी लागत नाही. नवख्याला पाने टाकून देणे जमत नाही, हे त्यांना ठाऊक असते. चाल बेताबेताने वाढवत न्यायची. 'बघू तरी' म्हणून पोरगा येत राहतोच. थोडी उत्सुकता, थोडी मोठ्यांसमोरची लाज आणि 'आत्तापर्यंत घातलेले वाया कसे घालवू' ही घालमेल, या तीन दोऱ्यांनी तो बांधला जातो.

मामा म्हणतील, 'अरे, नशिबाचा खेळ आहे!' त्यांच्या बाजूने न्यायालयाचा दाखलाही आहे. सिकंदराबादच्या एका क्लबवरील धाडीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६७ च्या निकालात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हणून त्यापासून वेगळा काढला. तो खटला हैदराबाद संस्थानातल्या जुन्या जुगारविरोधी कायद्याखालचा होता. आपले नांदेड-लातूरही १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते.

पण नशीब कुठे संपते? बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी तीन सारखी पाने असलेले हात फक्त ५२, म्हणजे सरासरी ४२५ डावांत एकदा. साधी जोडी किंवा त्याहून भारी काही चार डावांत जेमतेम एकदा येते. हे गणित मामांना आणि भाच्याला सारखेच लागू आहे. वर्षानुवर्षे खेळत राहिले तर भारी पानेही दोघांना सारखीच मिळतील. फरक पुढे पडतो. भाच्याकडे तीन राजे आले की त्याचा चेहराच सांगतो, सगळे पाने टाकतात आणि त्याला बुटाचे चार रुपये मिळतात. तेच राजे मामांकडे आले की भाच्याचा खिसा रिकामा होतो. पाने सगळ्यांना सारखीच येतात, पैसे सारखे येत नाहीत.

पाश्चात्त्यांच्या 'ड्रॉ पोकर'मध्येही हेच दिसते. त्यात पाच पाने मिळतात आणि नको ती बदलून घेता येतात. तीन पाने बदलणाऱ्याकडे बहुधा जोडी असते. एकही न बदलणाऱ्याकडे तयार हात असावा. जाणता खेळाडू समोरच्याने किती पाने बदलली ते मोजतो. नवखा फक्त स्वतःची पाने पाहतो.

महाभारतकारांनी हे केव्हाच ओळखले होते. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही, हे शकुनी दुर्योधनाला आधीच सांगतो. सारा डाव त्या एका माहितीवर उभा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग काय पोरांसमोर मुद्दाम हरायचे? मुळीच नाही. तो नवख्याचा अपमान ठरेल. जोर लावून खेळावे, पण पैशांऐवजी चिंचोके लावावेत. आणि डाव संपल्यावर पाने उघडी करून 'इथे तू थांबायला हवे होतेस' असे सांगावे. पैशाच्या डावात जे लपवायचे, तेच चिंचोक्यांच्या डावात शिकवता येते. महाभारतात शकुनी आहे, तसे बृहदश्व ऋषीही आहेत. वनवासात त्यांनी युधिष्ठिराला नलाची कथा सांगितली आणि फाशांची विद्याही दिली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा अनेक आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मोबाइलवर पोराच्या समोर कोण बसले आहे, ते त्यांना दिसत नव्हते. घरच्या सतरंजीवर मात्र समोर कोण बसले आहे ते स्पष्ट दिसते. तिथे आपणच असतो. पैसे गेल्यावर ते परत काढायची पहिली खुमखुमी मुलाला तिथेच लागू शकते, आणि 'आता पुरे' म्हणायची सवयही तिथेच लागू शकते. यंदाच्या दिवाळीत पत्ते जरूर काढावेत. पाकिटे मात्र आतल्या खोलीतच राहू द्यावीत.