तीन दिवसांचे युद्ध आणि चुकलेली भाकिते

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाच्या फौजा युक्रेनच्या सीमा ओलांडून आत घुसल्या आणि त्याच दिवशी जगभर आणखी एका युद्धाला तोंड फुटले. हे दुसरे युद्ध भाकितांचे होते. दूरचित्रवाहिन्यांवर निवृत्त सेनाधिकारी नकाशावर बाण काढू लागले, वृत्तपत्रांच्या रकान्यांतून तिसऱ्या महायुद्धाचे मुहूर्त सांगितले जाऊ लागले आणि ज्यांनी खारकीव्ह हे नाव आदल्या दिवशीपर्यंत ऐकलेही नव्हते, तेसुद्धा लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या कट्ट्यावर ते शहर केव्हा पडणार याचा निकाल देऊ लागले. युक्रेनची राजधानी कीव्ह बहात्तर तासांत पडेल, हा आकडा अमेरिकी सेनाधिकाऱ्यांच्या हवाल्याने सर्वत्र फिरत होता. खुद्द मॉस्कोनेही या आक्रमणाला युद्ध न म्हणता ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले होते. एखादी कारवाई उरकून टाकावी, इतक्या सहजतेने हे काम आटोपेल, ही अपेक्षा त्या नावातच दडलेली होती.

प्रत्यक्षात काय घडले? कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर पहिल्याच दिवशी उतरलेल्या रशियन छत्रीधारी सैनिकांना तेथे निर्वेध पाय रोवता आले नाहीत. राजधानीच्या उत्तरेस साठ किलोमीटरहून लांब पसरलेला रशियन वाहनांचा ताफा इंधन, अन्न आणि सुटे भाग यांच्या टंचाईने रस्त्यावरच अडकून पडला. अध्यक्ष झेलेन्स्की देश सोडून जातील, असे सांगितले जात होते; ते राजधानीतच राहिले. एप्रिल २०२२ च्या आरंभी रशियाला कीव्हच्या परिसरातून माघार घ्यावी लागली आणि १४ एप्रिलला काळ्या समुद्रातील रशियन आरमाराची अग्रनौका ‘मॉस्क्वा’ बुडाली. ज्या देशाकडे नाव घेण्याजोगे आरमार उरलेले नव्हते, त्याने ही किमया केली होती. तीन दिवसांचे भाकीत साफ कोसळले.

मग भाकितांचा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता रशियाच कोसळणार, असे ठामपणे सांगितले जाऊ लागले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली होती, रुबल घसरला होता आणि रशियाच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर २० टक्क्यांवर न्यावा लागला होता. रुबलचा चुराडा झाल्याची ग्वाही अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी मार्च २०२२ मध्ये वॉर्सा येथे दिली. तोच रुबल जूनअखेर डॉलरच्या तुलनेत गेल्या काही वर्षांतील सर्वांत बळकट स्थितीत होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२२ मध्ये रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी आकसेल असा अंदाज वर्तवला होता. प्रत्यक्ष घट दोन टक्क्यांच्या आसपासच राहिली आणि पुढल्या वर्षी तर तेथे वाढ नोंदली गेली. दुसरीकडे, रशियन वायूविना युरोप पहिल्याच हिवाळ्यात गारठून शरण येईल, असे मॉस्कोचे चाहते सांगत होते. तेही झाले नाही. युरोपने अमेरिकेतून आणि अन्यत्रून द्रवरूप वायू आणला, वापराला कात्री लावली, हिवाळाही सौम्य निघाला. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनची प्रतिचढाई अझोव्हच्या समुद्राला भिडणार होती. ती सुरुंगांच्या पट्ट्यांत रुतली. त्याच वर्षी जूनमध्ये वॅग्नर या भाडोत्री सेनेचे बंड मॉस्कोच्या दिशेने निघाले, तेव्हा पुतिन यांची सद्दी संपल्याचे अनेकांनी जाहीर करून टाकले. ते बंड चोवीस तासही टिकले नाही आणि दोन महिन्यांत त्याचा सूत्रधार विमान कोसळून मरण पावला.

इतकी भाकिते, इतक्या जाणत्यांची आणि इतक्या सातत्याने का चुकली? माहिती कमी होती म्हणून नव्हे. उपग्रहांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली होती आणि रणभूमीवरचा स्फोट मिनिटाभरात जगाला दिसत होता. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठी सेनेचा संहार झाला, तेव्हा तिच्या मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना त्याची पत्ताही नव्हता. ती भयंकर वार्ता त्यांना नर्मदेच्या आसपास एका सावकारी पत्रातून कळली. त्या काळी बातमीचा दुष्काळ होता, आज बातमीचा महापूर आहे. पण पुरातही पिण्याचे पाणी मिळत नाही, तशीच ही स्थिती आहे. जे मोजता येते तेच भाकीतकर्ते मोजत राहिले. रणगाडे मोजले, विमाने मोजली, डॉलर मोजले. आपल्या मातीसाठी लढणाऱ्या माणसाची जिद्द मात्र कोणत्याही कोष्टकात बसली नाही, आणि हालअपेष्टा सोसण्याची रशियन समाजाची जुनी सवयही बसली नाही. दुसरे कारण अधिक मानवी आहे. जे व्हावे असे वाटते तेच होणार असे मनुष्य सांगू लागतो आणि आपल्या इच्छेलाच विश्लेषण म्हणू लागतो.

या गदारोळात जे खरोखर घडत होते, त्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. नाटोचा विस्तार रोखणे हा या आक्रमणाचा एक घोषित हेतू होता. परिणाम असा, की अनेक दशके तटस्थ राहिलेला फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि दोन शतके लष्करी गटांपासून दूर राहिलेला स्वीडन मार्च २०२४ मध्ये त्याच नाटोत दाखल झाला. रशियाला नाटोशी भिडणारी सुमारे १,३४० किलोमीटरची नवी सीमा मिळाली. २०२४ च्या अखेरीस उत्तर कोरियाचे सैनिक युरोपच्या भूमीवर लढताना दिसले, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपता संपता त्यातील जेमतेम निम्मे पोहोचले. पैसा होता, इच्छाही होती, कारखाने नव्हते. शांततेच्या सुखात ते कधीच बंद पडले होते. आणि काहीशे डॉलरचा ड्रोन लाखो डॉलरचा रणगाडा निकामी करू लागला, तेव्हा सैन्यबळाची जुनी कोष्टकेच रद्द झाली.

परंतु या युद्धातील सर्वांत कडू धडा याहून जुना आहे. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. त्या अस्त्रांच्या वापराची किल्ली मॉस्कोच्या हाती होती, हे खरे; पण ती अस्त्रे म्हणजे वाटाघाटीतील फार मोठे बळ होते. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे युक्रेनने ते सोडले. त्या बदल्यात त्याच्या सार्वभौमत्वाचा आणि सीमांचा आदर करण्याचे आश्वासन अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांनी लेखी दिले. वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्या तिघांपैकी एकाने क्रिमिया गिळंकृत केला आणि उरलेल्या दोघांनी निषेध नोंदवला. २०२२ नंतर शस्त्रे आली, पण तीही दात्याच्या सवडीने आणि अटींनी. वॉशिंग्टनमधील सत्ता पालटली की कीव्हच्या पोटात गोळा येऊ लागला. २०२५ सालीही युक्रेनचा सुमारे एक पंचमांश भूभाग रशियाच्या ताब्यात होता. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान दुसऱ्याच्या मर्जीवर ठरते, हेच खरे.

भारताला हे युद्ध दूरचे वाटण्याचे काहीच कारण नाही. ते पहिल्या आठवड्यातच येथील घरांत शिरले. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या हजारो विद्यार्थ्यांचे आईवडील रात्र रात्र दूरध्वनीपाशी बसून होते. महाराष्ट्रातील कुटुंबेही त्यांत होती. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून सुमारे नव्वद विमाने गेली आणि साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय मायदेशी परतले. कर्नाटकातील एक विद्यार्थी मात्र खारकीव्हच्या माऱ्यात प्राणास मुकला. त्या मोहिमेचा अभिमान रास्त आहे; पण डॉक्टर होण्यासाठी या मुलांना इतक्या दूर का जावे लागले, हा प्रश्न त्या अभिमानाखाली झाकून ठेवता येणार नाही. सूर्यफुलाच्या तेलाचा सर्वांत मोठा पुरवठा युक्रेनमधून होत असल्याने स्वयंपाकघराचे अंदाजपत्रकही कोलमडले. हवाई दलाने रशियाकडून घेतलेल्या एस-४०० प्रणालीच्या पाचपैकी शेवटच्या दोन तुकड्यांना विलंब झाला, कारण विक्रेता स्वतःच युद्धात गुंतला होता.

भारताने संयुक्त राष्ट्रांत तटस्थ मतदान केले. ज्याच्या वायुवाहिन्या त्याच वेळी रशियन वायूने भरलेल्या होत्या, त्या युरोपने त्याबद्दल उपदेश केले. भारताने ते मानले नाहीत, हे योग्यच झाले. युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास असलेला रशियन तेलाचा वाटा २०२३ मध्ये एकूण आयातीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेला आणि महागाईची धार त्यामुळे काहीशी बोथट झाली. मात्र याचेही मोल पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये याच तेलाचे कारण पुढे करून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले. स्वतंत्र धोरण फुकट मिळत नसते. त्याची किंमत मोजण्याची तयारी समाजाने ठेवावी लागते.

तथापि राष्ट्रहितासाठी मौन बाळगणे वेगळे आणि आक्रमणाला टाळ्या वाजवणे वेगळे. राष्ट्रीय विचाराच्या अनेक घरांतही त्या दिवसांत एक विचित्र उत्साह दिसला. कणखर नेता, बेमुर्वत सेना आणि हतबल पश्चिम हे दृश्य पाहून कित्येकांना गुदगुल्या झाल्या. रशियाने संकटसमयी भारताला साथ दिली आहे आणि ते ऋण विसरता कामा नये. परंतु ज्या देशाचा अक्साई चीन बळकावला गेला, ज्याच्या काश्मीरचा एक भाग १९४७ पासून शत्रूच्या ताब्यात आहे, त्या देशातील नागरिकाने ‘बळी तो कान पिळी’ या न्यायाचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे? बलाढ्य शेजाऱ्याने जुन्या इतिहासाचा दाखला देऊन दुर्बलाची भूमी घ्यावी, हे तत्त्व युरोपात मान्य झाले, तर बीजिंगला अरुणाचलबद्दल तोच दाखला देण्यास कोण अडवणार? सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पुतिन यांना, हे युग युद्धाचे नाही, असे समोरासमोर सुनावले. मित्राशी असेच बोलायचे असते. ते वाक्य त्या उत्साही घरांनीही ऐकावयास हवे होते.

तेव्हा कोण जिंकणार, हा प्रश्न भाकीतकर्त्यांना सोडून द्यावा. राष्ट्राच्या कामाचा प्रश्न निराळा आहे: आपण किती दिवस टिकू? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ मधील अहवालाने दाखवून दिले होते, की सैन्याच्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. त्यानंतर खरेदीला आणि देशी उत्पादनाला वेग आला, हे खरे आहे. पण दहा लाख गोळ्यांचे वचन देऊन निम्म्यावर थांबलेला श्रीमंत युरोप पाहिल्यावर खडकी, वरणगाव, भंडारा आणि अंबाझरी येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. तेथील कामगार घाम गाळतो ती देशाची पहिली संरक्षणरेषा आहे. तेलबियांचे एकर वाढवणारा शेतकरी आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागा वाढवणारा प्रशासक हेही त्याच रेषेवर उभे आहेत.

बहात्तर तासांत पडणारी राजधानी पडली नाही, कारण तिच्या नागरिकांनी आपल्याविषयीचे भाकीत मानण्यास नकार दिला. आणि तरीही तिच्या देशाला इतके रक्त सांडावे लागले, कारण १९९४ मध्ये त्याने दुसऱ्यांच्या सह्यांवर विसंबणे पत्करले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानी ठेवणे, हाच या युद्धापासून घेण्याजोगा बोध आहे. त्यातील पहिली मनोबलाची आहे, दुसरी पूर्वतयारीची. मनोबल ऐन वेळी जागे होऊ शकते. पूर्वतयारी मात्र शांततेच्या दिवसांतच करावी लागते. असे दिवस भारताच्या वाट्याला किती आहेत, याचे भाकीत कोणी करू नये.