चहा हे डोकेदुखीवरचं औषध नाही

"डॉक्टर, चहा घेतला की माझं डोकं लगेच थांबतं." हे मी दवाखान्यात नेहमी ऐकतो, तेही कौतुकाने सांगितलेलं. अहो, अनेकदा ते डोकं चहामुळेच दुखत असतं!

ॲडेनोसिन नावाचा पदार्थ आपल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल करतो. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवतं, म्हणून त्या आकुंचन पावतात. रोज चार-पाच कप जात असले की शरीर याला सरावतं. मग कडक उपासात किंवा प्रवासात चहा चुकला, की साधारण 12 ते 24 तासांत त्या वाहिन्या फैलावतात आणि डोकं ठणकतं. (उपासाला चहा चालतो असं मानणारे सुटतात!) कपभर चहाने ते थांबतं, पण याला उपचार कसं म्हणायचं?

माझा खरा राग आहे तो मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गोळ्यांवर. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफिनही असतं. कापून दिलेल्या पट्टीवर ते वाचणार कसं? अशा गोळ्या महिन्यातून 10 किंवा जास्त दिवस, सलग 3 महिन्यांहून अधिक घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागू शकतं. मग आणखी एक गोळी!

चहा मीही पितो. तो एकदम सोडू नका, दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. मात्र अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, जोडीला उलटी किंवा अंधुक दिसणं असलं, तर आधण न ठेवता थेट रुग्णालय गाठा.